मोठ्या बाईंचे दात

उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढलेली ती वस्तू मोठ्या बाईंनी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. सकाळपर्यंत दातांवर चपखल बसणारं पारदर्शक कवच वाळलेल्या पानासारखं आत वळलं होतं.

"बाई, हे काय शिजवताय?" शेजारी भाजी चिरत बसलेल्या धाकटीने विचारलं.

"माझी अक्कल," बाई म्हणाल्या.

कारखान्याच्या त्या कँटीनमध्ये मोठ्या बाईंच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. पळ्या, पातेली, फडकी, सगळं उकळत्या पाण्यातून निघाल्याशिवाय त्या कुणाला हात लावू देत नसत. हाताखालची धाकटी त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होती, पण नाव पडलं ते पडलं. इतकी वर्षं निवडणं, चिरणं, ढवळणं तिच्याकडे. चव बघणं मात्र बाईंकडे. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि बाईंची मान हलली की पातेलं उतरायचं. त्यात दुसऱ्या कुणाची जीभ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती.

बाईंचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. त्याचं त्यांना काही वाटत नसे. हसायच्या तर अगदी तोंडभरून. पण हिरड्यांतून रक्त यायला लागलं तशा त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या.

"मावशी, दात असे दाटीवाटीने बसले की ब्रश आतपर्यंत पोचत नाही. अन्न अडकून राहतं, हिरड्या सुजतात. आधी हिरड्या बऱ्या करू, मग दात हळूहळू ओळीत आणू. नाहीतर एकेक करून सोडून जातील तुम्हाला."

बाईंच्या आईचं पन्नाशीतच पार बोळकं झालं होतं. पुढे ती सगळं कालवून, कुस्करून गिळायची. लेक एवढी सुगरण, पण तिच्या हातचा एक घास म्हणून आईला धड चावता आला नाही. हे बाई कधी कुणाला बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांना त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

घरी नवऱ्याने टोपी खुंटीला अडकवता अडकवता विचारलं. तो बस चालवायचा. "या वयात दात सरळ करून कुठे मुलाखतीला जायचंय तुला?"

"तुमच्या बसला रंग लावतात, तेव्हा ती कुठे मुलाखतीला जाते?"

नवरा हसला आणि त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

डॉक्टर त्या कवचांना अलायनर म्हणायच्या, बाई झाकणं म्हणायच्या. जेवताना ती काढून डबीत ठेवायची, मग दात घासायचे, फटींतून दोरा फिरवायचा, चूळ भरून पुन्हा लावायची. तोंडात असताना पाण्यावाचून दुसरं काही घ्यायचं नाही. ठरावीक दिवसांनी पुढची जोडी. सुरुवातीला बाईंनी हे सगळं काटेकोर पाळलं. पण एका सकाळीत चार पातेली चढायची, दर पातेल्यापाशी चव बघायची. दर वेळी कोण बेसिनकडे धावणार? एका थेंबाने काय होतंय, असं म्हणत त्या झाकणांसकट चाखायला लागल्या. थेंबाथेंबाने ती पिवळी पडली, त्यांना वास यायला लागला. आणि वासावर बाईंना एकच उपाय ठाऊक होता.

"हे पातळ प्लॅस्टिक आहे मावशी, पातेलं नाही," वाकडं झालेलं कवच हातात फिरवत डॉक्टर म्हणाल्या.

"न उकळता स्वच्छ कसं होणार?"

"साध्या पाण्याने. मऊ ब्रश, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि रोज, न चुकता. गरम पाण्याने याचा आकारच जातो. आधीची जोडी ठेवलीय ना?"

"ठेवलीय."

"नवी येईपर्यंत ती घाला, म्हणजे दात मागे सरकायचे नाहीत. आणि ते दिवसभर चाखणं बंद करा. सारखं काही ना काही तोंडात गेलं की दातांना उसंतच मिळत नाही. जेवायच्या वेळी जेवा. बसून, पोटभर."

आपण बसून पोटभर कधी जेवलो, ते बाईंना आठवेना. कँटीनमध्ये चाखता चाखताच भूक मरायची आणि घरी ओट्यापाशी उभ्या उभ्या जे हाताला येईल ते.

दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ पडल्यावर त्यांनी पळी धाकटीपुढे धरली.

"मी?" धाकटी मागे सरली. "मला काय कळतंय बाई त्यातलं?"

"जीभ आहे ना तोंडात? मग बघ."

धाकटीने थेंब चाटला. "बरं लागतंय."

"बरं लागतंय असं पाहुण्यांनी म्हणायचं असतं. मला काय कमी, काय जास्त ते सांग."

कितीतरी दिवस धाकटीला सगळं बरंच लागत होतं. बाईंचा जीव खालीवर व्हायचा, हात पळीकडे जायचा. मग त्या दोन्ही हात पदराला पुसत राहायच्या. पण हळूहळू धाकटी आंबट जास्त झालंय म्हणायला लागली. मग, जरा अजून शिजू द्या. एकदा तर तिने बाईंना न विचारता भाताची आच कमी केली. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बाहेरगावच्या मोठ्या पाहुण्यांचं जेवण कँटीनमध्येच ठरलं, त्या दिवशी मॅनेजर सकाळपासून स्वयंपाकघरात घिरट्या घालत होता. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. रस्सा तयार झाला. धाकटीने चव घेतली आणि तिचा चेहरा पडला.

"खारट झालाय, बाई."

"माझा हात मिठाला चुकत नाही."

"तुमचा नाही चुकला." धाकटीचा आवाज खाली गेला. "तुम्ही टाकलं ते मला दिसलं नाही. मीपण टाकलं."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "बाई, नक्की खारट आहे का ते तुम्ही बघा आधी. आजचा दिवस ते काढून ठेवा तोंडातलं."

काढणं सोपं होतं. बाईंचा हात वरही गेला. तेवढ्यात त्यांची नजर धाकटीकडे गेली. ती खाली मान घालून उभी होती, आता पळी आपल्या हातातून जाणार हे धरून चालल्यासारखी. आज आपण चाखलं तर ही उद्यापासून पुन्हा बरं लागतंय म्हणायला लागेल, हे बाईंना लख्ख दिसलं. त्यांनी हात खाली घेतला.

"ती खारट म्हणते ना साहेब, म्हणजे खारट."

"अहो, पण पाहुणे..."

"पाहुण्यांना तुम्ही गप्पांत गुंतवा. इथलं आम्ही बघतो." त्या धाकटीकडे वळल्या. "दुसरं पातेलं चढव. बिनमिठाचा कर, थोडा थोडा यात मिसळू. कुठे थांबायचं ते तू सांगायचं."

धाकटीने पदर खोचला. ती चाखत होती, ओतत होती, पुन्हा चाखत होती. बाई गॅसपाशी उभ्या राहून नुसत्या ढवळत होत्या. शेवटी धाकटी म्हणाली, "बास." बाईंनी गॅस बंद केला.

पाहुणे जेवले, मागून मागून जेवले आणि वर ऑफिसात गेले. मग बाई बेसिनपाशी गेल्या, हात धुतले, झाकणं काढली, धुऊन डबीत ठेवली. ताट घेऊन त्या थेट बाहेर, कामगार जेवतात त्या हॉलमध्ये आल्या. एका बाकावरच्या दोघांनी सरकून जागा केली. धाकटी पाणी घेऊन मागोमाग आली होती.

"तूपण ताट घे आणि बस," बाई म्हणाल्या.

पहिल्या घासाला त्या थबकल्या. रस्सा त्यांच्या हातचा नव्हता. त्या इथेच थांबल्या नसत्या, आणखी कशाची तरी चिमूट टाकली असती. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. त्यांनी वाटीतला उरलेला रस्सा भातावर ओतला.

"कुठे शिकलीस गं?" त्यांनी विचारलं.

धाकटी ओठ दाबून हसली आणि भाताशी खेळत राहिली.

तेवढ्यात मॅनेजर लगबगीने आला. "बाई, पाहुण्यांनी विचारलंय, कुणी केलं म्हणून. मोठे साहेब वर बोलावताहेत, चला लवकर."

"हिने केलं. आम्ही दोघी येऊ. जेवण होऊ दे."

"आणि मग लगेच..."

"मग दात घासायचेत."

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि समोरचा रिकामा बाक ओढून तो गुपचूप बसला. बाईंनी पुढचा घास घेतला. त्यांना कसलीच घाई नव्हती.