बंद तोंडातले किडे

चौकात माणसांची भिंत उभी होती. मधोमध दातबाबा बसला होता. पुढ्यात पाण्याचं पसरट भांडं, भांड्यातल्या विटेवर तापून लाल झालेली लोखंडी थाळी. त्याने तिच्यावर बिया टाकल्या, धूर उठला, तशी त्याने खारूची मान धुरात वाकवली. खारू सहा वर्षांची. तिचा उजवा गाल टम्म सुजला होता.

"सुई नाही, मशीन नाही, निव्वळ वनस्पती!" बाबा सांगत होता. "मशीनवाल्यांना विचारा, आजवर एक तरी किडा दाखवलाय का?"

लोक हसले. मग पाण्यावर पांढरे, वळलेले, बारीक किडे तरंगू लागले आणि हसू थांबलं. खारूच्या आईला जरा धीर आला.

"बघितलंस, वहिनी?" आत्या म्हणाली. "उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतीस."

राहिलेल्या किड्यांसाठी बाबाने बियांची पुडी दिली. दुधाच्या दाताला मशीन लावलंत तर खालचा पक्का दात जन्मभर वर येणार नाही, असंही बजावलं. त्या धास्तीने आई दवाखान्यात गेली नाही.

सकाळी सूज डोळ्यापर्यंत चढली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, पापणी उघडेना. आईने फ्रॉकची बटणंही लावली नाहीत. तिने पोरीला तसंच उचललं आणि दातांच्या दवाखान्याकडे धाव घेतली.

डॉक्टरबाईंनी एका शब्दाने सुनावलं नाही. दात उघडून पू वाहू दिला, औषधं दिली. आणखी उशीर झाला असता तर हे गालापुरतं राहिलं नसतं, जिवावर बेतलं असतं, एवढंच हळू आवाजात सांगितलं.

सूज उतरल्यावर पुढच्या खेपेला आत्याही आली, पुडी घेऊन. डॉक्टरबाई दाताच्या मुळातल्या नळ्या एका तपकिरी पाण्याने धूत होत्या. तो झाडपाल्याचा अर्क आहे, हे ऐकताच आत्या खुलली. "मग बाबा तरी वेगळं काय करतो?"

"झाडाशी माझं भांडण नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. हा अर्क जंतू मारतो का, मुलांना सोसतो का, हे तपासून मगच त्या तो वापरत होत्या. तोही सडलेली नस काढल्यावर, थेट नळीत. बाहेरचा धूर तिथवर पोचतच नाही. आणि अर्क कमी पडला तर त्या दुसरं औषध घेणार होत्या.

"पण किडे? आम्ही डोळ्यांनी पाहिले."

खुर्चीतून खारू पुटपुटली, "मी तोंड उघडलंच नव्हतं. मला भीती वाटत होती."

डॉक्टरबाईंनी पुडीतल्या बिया पत्र्याच्या झाकणावर तापवल्या, खाली पाण्याची वाटी धरली. बिया तडतडल्या, वाटीत उडाल्या. पाण्यावर तेच पांढरे किडे आले. भिंगाखाली दिसलं ते एवढंच: बी फुटून बाहेर पडलेला वळलेला कोंब. आत्याने वाटीवरून नजर काढली नाही.

परतताना चौकात दुसरं पोर धुरात वाकवलेलं दिसलं. खारूची आई गर्दीत शिरली.

"बाबा, पोराला बाजूला उभं करा, आणि मग टाका बिया."

बाबाने बिया संपल्याचं सांगितलं. आत्याने पुडी पुढे केली. "या घ्या. तुमच्याच आहेत."

बाबा पुडी न घेता थाळीवर पाणी ओतू लागला. खारूची आई त्या दुसऱ्या आईकडे वळली. "ताई, मीही अशीच घाबरले होते. घाबरल्यावर डोळे मिटू नका, तेव्हाच नीट बघा, विचारा. आणि चला लवकर, दवाखाना उघडा आहे."