अठ्ठ्याण्णवाव्या नंबरची मिशी

अठ्ठ्याण्णवाव्या नंबरात मिशीवाल्यांचा फायदा काय, ते आधी पाहू. दुकानात रांग नाही, समारंभात पहिल्या ओळीतली खुर्ची आणि टीव्ही चॅनलवर मेहुण्याची वर्णी. मिशीवाले स्वतः तिथे रोज संध्याकाळी हवामान सांगत. एक साप्ताहिक दरवर्षी शंभर प्रसिद्ध माणसांची यादी छापायचं, त्यात ते अठ्ठ्याण्णवावे, आणि यादीत असाल तोवरच पडद्यावर, अशी चॅनलची अट होती. एकशे एकावा म्हणजे कुणीच नाही.

यादीची रीत साधी. साप्ताहिकाच्या मुली चौकात येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवून विचारत, "हे कोण?" मिशीवाल्यांचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, टोकं वर वळवलेल्या झुपकेदार मिशीचा. ती तशीच राखणं हेच त्यांचं खरं काम. हवामान काय, कागदावर लिहून येई.

त्या वर्षी मिशीखाली गाठ आली. डॉक्टरांनी बोटाने चाचपली. "मिशी उतरवा. आत्ता वाटाण्याएवढी आहे, सहज निघेल."

घरी बायकोने वस्तराच कपाटात कुलूपबंद केला. "पुढच्या महिन्यात पाहणी आहे. तोवर वाटाणा काय पळून जातोय?"

"ठणकतोय गं."

"भाऊजी, कळ काढा," मेहुणा म्हणाला. "तुमचा नंबर गेला की माझी नोकरी गेली. आणि सफाचट तोंडाने आलात, तर ताईसुद्धा दार उघडायची नाही!"

बायको हसली. तेही हसले, ओठ ताणला गेला तसे थांबले.

पाहणी दोनदा पुढे ढकलली गेली. एकदा न राहवून ते न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"ही मिशी? माझ्या हातून?" न्हावी दचकला. "साहेब, गिऱ्हाईक मला जिवंत सोडेल का? टोकं तेवढी वळवून देतो."

बाकावरच्या चौघांनी ओळखलं. मिशीवाल्यांना ते बरं वाटलं, आणि तिथेच घात झाला.

चार महिन्यांनी पाहणी झाली. नंबर चढला, ब्याण्णव! मग ते डॉक्टरांकडे गेले, पण उशीर झाला होता. गाठीबरोबर वरचा ओठ गेला.

चॅनलने मेहुण्याला तशीच मिशी डकवून उभं केलं. "चला, घरातलं घरातच राहिलं," बायको म्हणाली.

पुढच्या वर्षी, तोंडाला रुमाल बांधून जाताना, चौकात एका मुलीने त्यांच्यापुढे तोच फोटो धरला. "काका, हे कोण?"

त्यांनी छातीवर बोट ठेवलं.

"आवडतात होय तुम्हाला? पण कोण ते सांगावं लागतं."

ओठाविना शब्द फुटेना. पेन्सिलीसाठी हात पुढे केला, तोवर तिने 'ओळखत नाही'वर खूण केली होती आणि ती पुढच्या माणसाकडे वळली होती.

एकूण हिशोब असा: मिशी नव्वदावी आली. पहिल्या ओळीतली खुर्ची मेहुण्याला, दुकानातली सवलत त्याच्या ताईला. किंमत भरली एकट्या भाऊजींनी, आणि पाहणीत एक मत कमी पडलं तेही त्यांचंच.