दुखण्यांचा हजेरीपट

मी एक हजेरीपट बोलतोय. निळ्या कापडी पाठीचा, लांबट, जाड पुठ्ठ्याचा. माझ्या पानावर डावीकडे नावांचा रकाना, पुढे एक ते एकतीस तारखांची घरं आणि शेवटी 'एकूण हजर दिवस'. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात माझी शिलाई झाली तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, आपल्या अंगावर चाळीस पोरं नांदणार. पण मी शाळेत पोचलो त्याच वर्षी हजेरी मोबाइलवर भरायचं फर्मान निघालं आणि मी कोरा करकरीत कपाटात पडलो. वाळवी लागायचीच काय ती बाकी होती.

श्यामलाबाईंनी मला वाचवलं. निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना त्यांनी मला उचललं आणि मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमना म्हणाल्या, "हा मी नेते. रद्दीत जाण्यापेक्षा बरा." असा मी राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर आलो. वाटलं, आता आपल्यावर इस्त्रीचे कपडे नाहीतर दुधाच्या पिशव्या मांडल्या जाणार.

झालं भलतंच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी बाईंना उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळ्यातून त्या पार पडल्या. केस परत आले, तेही थोडे कुरळे. आजार गेला असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, अंबादासरावांनी, अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. पण बरं झालेलं माणूस निवांत असतं हा लोकांचा गैरसमज आहे. पूर्वी कंबर दुखली की बाई म्हणायच्या, कंबर दुखतेय. आता कंबर दुखली की त्या मनात म्हणायच्या, परत आला तर नसेल?

त्यांची फॅमिली डॉक्टर आफशीन ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, प्रत्येक दुखणं म्हणजे तेच नसतं. पण नवीन दुखणं दोन आठवडे हटलं नाही, किंवा वाढत चाललं, तर मला सांगायचं. रोजचं रोज लिहून ठेवा."

पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई लिहून ठेवणार म्हणजे कशी? त्यांनी मला उघडलं, पट्टी घेतली आणि नावांच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: १. उजवा खांदा. २. कंबर. ३. डावी टाच. दुखलं तर तिरकी रेघ, न दुखलं तर 'गै', म्हणजे गैरहजर. सलग पंधरा दिवस गैरहजर राहिलं तर लाल शाईनं 'नाव कमी केले'.

मी आधी खट्टू झालो. कुठं ती चाळीस पोरं आणि कुठं ही टाच! पण हळूहळू मला माझा वर्ग आवडायला लागला. खांदा पहिल्या बाकावरचा, एक दिवस चुकवायचा नाही. कंबर चटणीच्या मिरच्या निवडायच्या दिवसांत हटकून यायची. टाच सकाळी हजर आणि दुपारी पसार. बाई तिला दमही द्यायच्या, "आलीस का भवाने?" मांडून झालं की त्यांचा जीव थोडा खाली बसायचा. रेघ मारलेलं दुखणं दिवसभर डोक्यात फिरत नाही, हे मी त्यांच्या बोटांवरून ओळखायचो.

दोनदा दोन आठवड्यांची हद्द ओलांडली गेली. पहिल्यांदा डोकं. तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर चष्म्याचा नंबर बदललेला. दुसऱ्यांदा पाठीचा मणका. तेव्हाही काही निघालं नाही. दोन्ही वेळा त्यांची लेक अस्मिता तान्ह्या बाळाला घेऊन पुण्याहून धावत आली. दुसऱ्या खेपेला परत जाताना ती थकून म्हणाली, "आई, हे सगळं आता तुझ्या मनाचं आहे गं." तिचं वाईट मनात नव्हतं. पण त्या दिवशी बाईंनी मला उघडलं आणि एकही रेघ न मारता मिटलं.

पुढच्या महिन्यात अकराव्या ओळीवर नवीन नाव दाखल झालं. उजवी बरगडी. पाच दिवस रेघा पडल्या. सहाव्या दिवशी सकाळी बाईंनी पेन उचललं. डाव्या हातानं त्यांनी बरगडी दाबून धरली होती, श्वास अर्धाच घेत होत्या, आणि उजव्या हातानं त्यांनी तारखेच्या घरात लिहिलं, 'गै'.

मला शरम वाटली. हजेरीपटावर खाडाखोड चालत नाही, मग खोटी नोंद कशी चालेल? सातव्या दिवशी 'गै'. आठव्या दिवशी 'गै'. रोज हात बरगडीवर आणि रोज 'गै'; पंधरा दिवस उलटले तरी नाव कमी करायला लाल शाई मात्र निघाली नाही. ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, ही हजर आहे! पण माझ्यासारख्याला तोंड कुठलं? अंबादासराव समोरच पेपर वाचत असायचे. विचारायचे, "आज काय म्हणतोय वर्ग?" बाई म्हणायच्या, "शांत आहे."

मग आफशीनकडे दाखवायची तारीख आली. अंबादासरावांनी मला कापडी पिशवीतून नेलं. तिनं मला उघडलं, पानं चाळली, इतके 'गै' असूनही नाव कमी न झालेल्या ओळीवर तिचं बोट थांबलं, आणि मला मिटायच्या ऐवजी तिनं खुर्ची पुढं ओढली.

"बाई, चौथीत माझी मैत्रीण कशिश आली नव्हती तेव्हा मी तिच्या नावाला 'हजर' म्हटलेलं. आठवतंय? तेव्हापासनं तुम्ही रेघ मारायच्या आधी प्रत्येकाचं तोंड बघायचा. आज मी हजेरी घेते. तुम्ही उत्तर द्यायचं."

बाई हसल्या. "घे की."

"उजवा खांदा?"

"हजर."

"कंबर?"

"गैरहजर."

असं करत ती अकराव्या ओळीवर आली. "उजवी बरगडी?"

बाई बोलेनात. आफशीन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. अंबादासरावांना वाटलं, ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, "ती महिनाभर गैरहजर हाय की. पुढचं नाव घे, बाळा."

"हजर," बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की वर्गात असतं तर त्यांनीच 'मोठ्यानं बोल' म्हणून दटावलं असतं.

"किती दिवस?"

"बत्तीस."

"बत्तीस दिवस!" अंबादासराव उठून उभे राहिले. "आणि मला 'शांत आहे' म्हणून सांगतीस व्हय?"

"काय सांगू? दोनदा सगळ्यांना पळवलं आणि काही निघालं नाही. तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगू? आणि या वेळी निघालंच तर?" एवढं बोलून बाईंनी पदर डोळ्यांना लावला. अंबादासराव परत खाली बसले.

आफशीननं बाईंचा हात धरला. "बाई, दोनदा काही निघालं नाही म्हणून तुम्ही चुकलात असं होत नाही. काळजीचं आहे की नाही ते मला ठरवू द्या. तुम्ही फक्त हजेरी खरी मांडा."

स्कॅन झालं. रिपोर्टला चार दिवस लागले. बाईंनी मला उघडलं नाही. अंबादासरावांनी एकच पेपर दोन दिवस वाचला.

पाचव्या दिवशी आफशीनचा फोन आला. कॅन्सर नव्हता. रेडिएशननं बरगडी ठिसूळ झाली होती आणि खोकल्याच्या उबळीत तिला बारीक चीर गेली होती. दुखणं खरं होतं, मनाचं नव्हतं. काही आठवडे जपायचं, औषध घ्यायचं, हाडं तपासून घ्यायची. अस्मिताला कळवलं तेव्हा ती फोनवरच रडली. "आई, मी तसं बोलायला नको होतं."

दुसऱ्या सकाळी बाईंनी मला उघडलं. बरगडीपुढचे ते 'गै' त्यांनी एकेक करून कापले, वर रेघ मारली आणि बाजूला सही केली. नियमानं. तेवढ्यात पेपरमागून आवाज आला.

"माझं बी नाव घाल की त्यात."

"तुम्हाला काय होतंय?"

"सकाळी तू ही वही उघडलीस की आज काय निघतंय ह्या धास्तीनं माझा चहा गार होतोय. तू रेघा मारत खाली येतीस, आणि मी हिकडं पेपर धरून बसतोय. एक अक्षर वाचत न्हाय."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं. दुखणं तुझं. मी कुठल्या तोंडानं बोलू?"

बाईंनी पट्टी घेतली आणि बाराव्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं. पण लिहून भागत नाही, हजेरी पुकारावी लागते. छत्तीस वर्षांच्या संसारात उखाणा सोडला तर बाईंनी हे नाव तोंडानं घेतलेलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि म्हणाल्या, "अंबादास?"

पेपर खाली आला. "हजर, बाई."

आता माझे कोपरे दुमडलेत आणि थोडीच पानं उरलीत. पोरांची नावं काही माझ्या नशिबी आली नाहीत, त्याची खंतही राहिलेली नाही. मंडळी, तुमच्याही घरात मोठ्या आजारातून उठलेलं कुणी असेल, आणि त्याच्या शेजारी पेपर धरून बसलेलं कुणी असेल. दोघंही 'सगळं ठीक आहे' म्हणतील. त्यांची एकदा नाव घेऊन हजेरी घ्या. आणि उत्तर येईपर्यंत पुढचं नाव पुकारू नका.