लाल चिंधीची भोकरी

मी एक जुनी भोकरी आहे. भोकरी म्हणजे पांढऱ्या द्राक्षाची आपली गावरान जात. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. तुम्हाला लांबट, बिनबियांची द्राक्षं ठाऊक. माझा मणी गोल, जाड सालीचा. दौलताबादच्या किल्ल्याखाली, लक्ष्मीबाईंच्या विहिरीकडेला माझा मांडव होता. तो कसा गेला हे आठवलं की अजून माझं पान थरथरतं.

लक्ष्मीबाईंनी नवी नवरी असताना मला लावलं. पाहुणा आला की आधी माझा घड पुढे यायचा. पुढे मळाभर बिनबियांची बाग झाली आणि माझे घड साळुंक्या-चिमण्यांना टोचायला राहिले. वाईट वाटायचं, पण बोलणार कुणाला?

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं, सुदर्शननं, माझी द्राक्षं एका वाइन करणाऱ्या मॅडमकडे नेली. रस टाकीत आंबला, निवळला आणि फिकट सोनेरी वाइन झाली. घोट घेऊन मॅडमनी लगेच विचारलं,

"अशा वेली किती आहेत?"

"एकच हाय," सुदर्शन म्हणाला.

मॅडमनी एप्रिलच्या छाटणीला येऊन माझ्या काड्या न्यायच्या आणि त्यांची एकरभर लागवड करायची, असं ठरलं. लक्ष्मीबाईंनी बाटलीचा नुसता वास घेतला. "अगं बया! कवठावानी वास येतोय की!" हे त्यांनी गावभर सांगितलं. मीही चांगलीच फुगले होते.

छाटणी जवळ आली. नातीच्या लग्नासाठी मायलेक कन्नडला निघाले. जाताना लक्ष्मीबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं आणि दृष्ट लागू नये म्हणून बुंध्याला लाल चिंधी बांधली. तिकडे सुदर्शन मजुरीवरच्या भागूबाईला सांगत होता, "रोगट झाडांना लाल चिंध्या बांधल्यात. तेवढी मुळापासून काढ." माझ्या चिंधीचं त्याला माहीतच नव्हतं.

भागूबाई माझ्यापाशी थबकली. "एवढी जुनी, हिला बी रोग लागला व्हय?" असं म्हणाली आणि तिनं कुऱ्हाड उचलली. ज्या हातांनी मला वर्षानुवर्षं पाणी दिलं, तेच हात! मित्रांनो, मला ओरडता आलं नाही.

बारा दिवसांनी मॅडमना घेऊन मायलेक आले. विहिरीकडेला नुसता खड्डा! लक्ष्मीबाईंनी भागूबाईला हाक मारली. "माझी भोकरी कुठंय?"

"चिंधी व्हती ना, बाई..." भागूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "लाकडं घरी नेली. चुलीत गेली सगळी."

 अचानक भागूबाईला काहीतरी आठवलं आणि ती पदर खोचून घराकडे पळत सुटली. बाकीचे तिच्यामागे.

तिच्या मोरीपाशी दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून त्याच लाकडांतल्या तीन काड्या खोचल्या होत्या. दोन वाळल्या होत्या. तिसरीच्या डोळ्यातून हिरवा कोंब बाहेर आला होता. तो कोंब म्हणजे मी!

लक्ष्मीबाई तिथंच चिखलात बसून रडल्या. भागूबाईही रडली. मॅडमनी काडीला हात लावला नाही. "दोन वर्षं हिला इथंच वाढू द्या," एवढंच म्हणाल्या.

आता मी गुडघाभर झाले आहे. मला चिंधी कुणी बांधत नाही. लक्ष्मीबाई रोज मोरीपाशी येतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात, "ही माझी भोकरी हाय. जपून जा."

मित्रांनो, तुम्हालाही काही जपायचं असेल ना, तर नुसती खूण करून जाऊ नका. तोंडानं सांगा. माझ्या वेळी तेवढंच राहून गेलं होतं.