मान हलवली, ते माझ्यात आलंच नाही

मी एक केसपेपर बोलतोय. बोलतोय खरा, पण माझ्यावरचे शब्द नक्की कुणाचे, ते विचारू नका. तिथेच माझं डोकं चक्रावतं.

छापला जाण्याआधी मी डॉक्टरांच्या टेबलावर, प्रिंटरमध्ये कोरा पडून होतो. माझे थोरले भाऊबंद डॉक्टरांच्या हातचे. अक्षर असं, की औषधवाल्यालाही घाम फुटावा. आता टेबलावर एआयचं यंत्र आलंय. खोलीतलं बोलणं ते ऐकतं आणि केसपेपर आपणच लिहून काढतं. डॉक्टर वाचून सही करतात.

त्या सकाळी पायाची जखम चिघळलेल्या एक काकू आल्या, सोबत काका. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

काकूंच्या आधी काकाच बोलले, "छे हो, हिला दगडसुद्धा पचतो."

काकूंनी मात्र डॉक्टरांकडे बघत होकाराची मान हलवली, गळ्याकडे बोट नेलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, पण तेवढ्यात फोन वाजला. मग मी गरमागरम बाहेर आलो. माझ्यावर छापलं होतं, 'औषधांची अॅलर्जी : नाही'. डॉक्टरांनी वाचून सही ठोकली.

पलीकडच्या खोलीत इंजेक्शन भरता भरता सिस्टरने सवयीने विचारलं, "अॅलर्जी नाही ना, काकू?"

"आहे की. धाकट्याच्या वेळी बहिणीकडे होते, तेव्हा एका इंजेक्शनने श्वासच कोंडला. चिठ्ठी आहे पर्समध्ये."

सिस्टर भरत होती, त्याच औषधाचं नाव चिठ्ठीवर होतं. सिस्टरने सुई खाली ठेवली.

"डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. मान हलवली."

काका पांढरेफटक पडले. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी बोलू दिलंत?"

डॉक्टर धावत आले. "मी पाहिलं होतं हो," ते म्हणाले. "पण कागदावर 'नाही' होतं, म्हणून..."

मग चूक कुणाची? यंत्राने ऐकलं तेच लिहिलं. काका मायेनेच बोलले. मी तर साधा कागद, तरी लाज मलाच वाटते. माझ्यावरच्या एका शब्दाने काकूंचा जीव गेला असता.

आता मी फाइलीत आहे. त्या 'नाही'वर सिस्टरच्या पेनाची आडवी रेघ आहे. खरं कोण, छापील की रेघ, हा गोंधळ अजून होतो. सही करणाऱ्यांनो, माझ्याकडे नंतर बघा, आधी समोरच्या माणसाकडे बघा. मी खोटं बोललो, तेव्हाही माझं अक्षर असंच सुंदर होतं.