निद्दी आतेन्री?

बांगडीला पीठ चिकटलेलं... रुद्राणीच्या हिरव्या बांगडीला. भाकरी थापता थापता ते वाळून पांढरं होत चाललेलं – सिद्धेश्वरी मघापासून तेवढंच बघत होती. रात्री नऊला पडले, पाचला उठले, मध्ये पाणी प्यायलासुद्धा जाग नाही... आणि तरी अंग असं ठणकतंय, जसं रात्रभर कुणी माझ्याकडूनच ऑर्डरीच्या भाकरी थापून घेतल्या.

"निद्दी आतेन्री, अक्का?" रुद्राणीने मान वर न करता विचारलं. झोप झाली का – रोज तेच, कानडीत. धाकटी जाऊ, अक्कलकोटकडची, बोलायला गोड. पण सिद्धेश्वरीला त्यात खोच ऐकू येई. झाली की बाई, आम्हाला दुसरं काम काय! आणि ही? बारापर्यंत मोबाईल, चारला तव्यापुढे म्हणे – तरी चेहरा कसा टवटवीत मेलीचा!

ती बसलीय ती जागा माझी. सोळा वर्षं घरच्या धंद्याची कडक भाकरी मीच केली, पापडासारखी पातळ, मोडली की कडकन वाजणारी. मग एकदा चक्कर आली आणि सासूबाई म्हणाल्या, "आठ दिवस रुद्राणीला बसू दे की हितं." त्या आठ दिवसांना आता तीन महिने झाले. रिपोर्ट सगळे नॉर्मल. भरपूर झोपा, म्हणाले डॉक्टर. त्या नॉर्मलचाच संताप येतो – काहीतरी निघालं असतं तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

दुपारी ती आत आली, तर रुद्राणी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. तोंड उघडं. तव्यावरची भाकरी करपायला लागलेली... करपू दे. येऊ देत सासूबाई, बघू देत! पण काय गाढ झोपली होती ती – पाच मिनिटांची, फुकटची झोप – आणि सिद्धेश्वरीला त्या झोपेचासुद्धा हेवा वाटला, रडू येईल इतका.

मग हात आपणहून पुढे झाला. तिने भाकरी उतरवली, गॅस बंद केला. "निद्दी आतेन?" – आपल्या आवाजात माया होती की खोच, तिला कळेना.

रुद्राणी दचकली, डोळे चोळत हसली. "कुटली झोप, अक्का! तुमाला बरं पडल्या पडल्या लागती. खरं सांगू? लई जळते की मी तुमच्यावर. म्हणून तर रोज इचारते."

माझ्यावर? सिद्धेश्वरीला बरं वाटलं, अगदी लाज वाटण्याइतकं बरं वाटलं. घे बाई, ने ती सगळी झोप, मला माझी जागा दे – ओठांवर आलं होतं... पण बोलवेना. कुणी जळावं असं एवढंच उरलं होतं तिच्याकडे. तेही देऊन टाकायचं जिवावर आलं.