अपराधाच्या रकान्यात दुलारी

तहसिलीच्या जेलात बाईमाणूस आलं की शिपाई बिडी कारखान्यात येऊन धुरपताला हाक मारायचा. बायांसाठी पगारी पहारेकरीण ठेवायची सरकारची ऐपत नव्हती म्हणे. धुरपता सुपातली पानं तशीच टाकून निघायची. कोंडलेली बाई सुटेस्तोवर तिच्यासोबत कोंडून राहायचं आणि रोज वहीवर अंगठा द्यायचा, एवढंच काम. चोपन्न सालच्या चैत्रात तिला बोलावलं ते दुलारीसाठी. आता भादवा लागला तरी दुलारी आतच.

पोरगी पंधरा वर्षांची, आणि तिनं काहीच केलं नव्हतं. जुन्या मालगुजाराच्या पोरानं, हिरालालनं, धानाच्या कोठारात तिच्यावर बलात्कार केला. तिनं ठाण्यात जाऊन त्याचं नाव सांगितलं, एवढाच तिचा दोष. मग कायद्यानं दोघांकडे जमानत मागितली. त्यानं पळू नये म्हणून, तिनं साक्षीला हजर राहावं म्हणून. हिरालालच्या नावावर साठ एकर. तो दुपारच्या जेवणाला घरी पोचला. दुलारीचा बाप चैनलाल लोकांची जमीन ठेक्यानं वाहणारा. त्याची जमानत कोण घेतो? पोरगी जेलात गेली.

धुरपता अंगठा देते म्हणजे अडाणी, असं जेलच्या कारकुनानं, चुन्नीलालनं, धरून ठेवलं होतं. खरं तर बिडीच्या कट्ट्यांवरची लेबलं जुळवत ती कधीच वाचायला-लिहायला शिकली होती. पण वाचणारी बाई मुकादमाला नको असते, म्हणून ती गप अंगठाच देत आली.

एका सकाळी कैद्यांची वही उघडीच पडली होती. दुलारी चैनलाल, वय पंधरा. अपराधाच्या रकान्यात, दफा तीनशे शहात्तर.

"बाबू, हे कलम तं हिरालालचं हाये. पोरीच्या नावापुढं काऊन लिवलं?"

चुन्नीलालची लेखणी थांबली. "तुझे पढना आता है?"

"मी का इचारून राहिली अन् तू का बोलून राहिला?"

"अगं, खाना खाली नहीं छोड़ सकते. साक्षीदारासाठी वहीत जागाच नाही. जिस केस में आई, त्याचा नंबर टाकला. कोण पाहते?"

बलात्कार जिच्यावर झाला, तिच्याच नावावर बलात्कार. का, तर रकाना मोकळा ठेवायचा नाही.

सरकारनं नेमलेले केवलराम वकील तीन महिन्यांनी एकदा जेल तपासायला येत. कैदी रांगेत उभे राहत, साहेब "काही तक्रार?" विचारत, सगळे "नाही" म्हणत. मग भेटीच्या वहीत "सर्व ठीक" लिहून साहेब चहा घेत. त्या वहीत लिहिलं त्याची नक्कल नागपूरला जायची. पानांवर नंबर आणि शिक्का. खोडायचं झालं तर ज्यानं लिहिलं त्यानंच खोडून सही करायची.

त्या आठवड्यात ते आले. दुलारी जमिनीकडं पाहत राहिली. धुरपता बोलली, "तक्रार हाये."

जेलर हसला. "साहेब, ही कैदी नव्हे, पहारेवाली आहे."

"पाच महिने इच्यासंग कोंडली हावो. मंग कैदी कोनाले म्हनता?"

तिनं कैद्यांच्या वहीतलं दुलारीचं नाव दाखवलं. केवलरामांनी रकाना पाहिला. "कारकुनाची चूक आहे. खोडा."

"खोडून त्या जागी का लिवान?"

केवलरामांनी कैद्यांची वही मिटली.

"साक्षीच्या पोरीले जेलात टाकाचा कायदा बदला, असं लिवा तुमच्या वहीत," धुरपता म्हणाली.

"बाई, कायदा असा एका दिवसात बदलत नाही. मी तोंडी कळवीन." त्यांनी "सर्व ठीक" लिहिलं, सही केली आणि चहाचा कप उचलला.

धुरपतानं लेखणी घेतली. अंगठ्याला शाई लावत असेल म्हणून कोणी अडवलं नाही. तिनं लेबलासारख्या ठसठशीत अक्षरांत खाली लिहिलं: 'सर्व ठीक नाही. दुलारीनं गुन्हा केला नाही. बापाला जमीन नाही म्हणून ती जेलात आहे. गुन्हेगार घरी आहे. हा कायदा बदला. धुरपता.'

"फाड ते पान," जेलर ओरडला.

"पन्ने पे नंबर है, साहब," चुन्नीलाल पुटपुटला.

केवलरामांच्या सहीखालीच ते होतं. नागपूरला दोन्ही एकत्र वाचले जाणार. त्यांचा कप बशीत वाजला. "बाई, पोरीला आज सोडवलं तर खोडशील?"

"पैले सोडा."

तहसीलदार समोरच्याच कचेरीत बसत, केवलराम तिकडं गेले. पाच महिने जे कायद्यात बसत नव्हतं, ते तासाभरात बसलं. बाजाराचा दिवस होता, चैनलाल नेहमीसारखा मुरमुरे घेऊन फाटकाशी उभा होता. त्याच्या नुसत्या अंगठ्यावर पोरगी सुटली. फाटकातून तिनं एकदा मागं पाहिलं. धुरपतानं हातानंच खुणावलं, जा.

मग केवलरामांनी लेखणी पुढं केली.

"नाई खोडत," धुरपता म्हणाली. "उद्या दुसरी पोरगी आनान तुमी."

"तू फसवलंस मला."

"हो, फसवलं. लिवा मंग माह्या नावापुढं. तुमाले रकाना मोकळा कोठं ठेवता येते?"